आउटबोर्डचा पंखा: तेरा पिचवरून साडेदहावर आल्यानंतरचा अनुभव

"गिअरबॉक्स गेलाय, खालचा अख्खा भाग बदलावा लागेल." सर्व्हिसवाल्यानं बोट न बघता, काही न उघडता फोनवर हे सांगितलं. गिअरबॉक्सला काहीच झालं नव्हतं. पंख्याच्या आतला रबरी बुश सुटला होता आणि ते कळायला रंगाची एक रेघ पुरली. दुसऱ्या कुणाला असंच घाबरवून खर्चात पाडू नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोट सोळा फुटी फायबरची, इंजिन २५ एचपी फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं, शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं). एरवी घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पाण्यात जाळी, बर्फाचे खोके आणि चार माणसं घेऊन चालते. पुराच्या दिवसांत यडूर-कल्लोळकडच्या पाहुण्यांचा फोन आला की ट्रॉलीवर घालून कृष्णेवर नेतो. इंजिनासोबत आलेला पंखा तीन पात्यांचा, अ‍ॅल्युमिनियमचा, ९ ७/८ × १३. यात पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबानं जेवढा पुढं सरकतो ते अंतर.

गेल्या पावसाळ्यात बुडालेल्या उसाच्या रानातून जाताना पंखा पाण्याखालच्या मोटारीच्या पाइपवर आदळला. पात्याची कड थोडी वाकली, एवढंच दिसत होतं. पण त्यानंतर हळू चालवलं तर बोट जायची आणि थ्रॉटल वाढवला की इंजिन नुसतं ओरडायचं, बोट पुढं सरकायची नाही. हे लक्षण ध्यानात ठेवा. पंख्याचा मधला स्प्लाइनवाला (आतून खाचांचा, दांड्यावर बसणारा) भाग आणि बाहेरचं अ‍ॅल्युमिनियमचं अंग यांच्या मधे रबर दाबून बसवलेलं असतं. धक्का बसला की ते घसरतं, म्हणून आतले गिअर वाचतात. एकदा घसरलं की कमी जोराला धरतं, जास्त जोराला सोडतं.

खात्री करायची तर नट काढून मागच्या तोंडावर मधल्या भागापासून रबरावरून बाहेरच्या अंगापर्यंत ऑइल पेंटची सरळ रेघ ओढा. वाळू द्या, नट बसवा, बोट जोरात चालवून आणा आणि परत बघा. माझ्या रेघेचे दोन तुकडे झाले होते, मधे चार बोटांचं अंतर. तोच फोटो सर्व्हिसवाल्याला पाठवला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

आता या हबबद्दल, म्हणजे पंख्याच्या या मधल्या भागाबद्दल, मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण पंखा विकणारा कुणीही याबद्दल एक अक्षर बोलत नाही. दाबून बसवलेला बुश आपल्या हातानं बदलता येत नाही, त्याला प्रेस लागतो. बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेस हवे तेवढे आहेत, तिथला मिस्त्री तयारही होता. पण नेमक्या मापाचा बुश कुठं मिळेना. म्हणजे चांगलं अंग असलेला पंखा केवळ आतल्या रबरापायी पडून राहतो. याउलट काही पंख्यांना बदलता येणारं हब-किट असतं. आतली बाही काढायची, नवी सरकवायची, वॉशर-नट लावायचा. काठावर बसून पान्यानं होणारं काम आहे. नवा पंखा घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारला, आणि ज्याच्याकडे हब-किट नव्हतं त्याच्याशी पुढं बोललोच नाही. एक किट कायम बोटीत असतं.

पंखा घ्यायचाच होता, तेव्हा पिच तपासून घेतला. बोट भरली की वेग घेऊन पाण्यावर उठत नाही ही तक्रार जुनी होती, आणि सर्व्हिसवाल्याचं उत्तर ठरलेलं, कार्बोरेटर साफ करा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा आरपीएम मीटर आणला. त्यात एका फेऱ्याला किती ठिणग्या हे सेटिंग बरोबर करावं लागतं, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दाखवतो. नेहमीचा माल, नेहमीची माणसं, टाकी भरलेली, सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटल. मीटर ४६०० च्या वर जाईना. या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ५००० ते ६००० हवेत. भरलेली उसाची ट्रॉली चढाला वरच्या गिअरमध्ये ओढावी तसं इंजिन रोज ओढत होतं. असं दबून चाललेलं इंजिन तापतं, कार्बन धरतं, पेट्रोलही जास्त पितं.

मालवणचा माझा मित्र तेराच चालवतो आणि त्याचं छान चाललंय. त्याचं खरं आहे, पण तो समुद्रसपाटीला आहे. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट. दर हजार फुटांना साध्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे २५ मधली दीड अश्वशक्ती इथल्या हवेतच गेली. त्याची बोट हलकी, माझी भरलेली. किनारपट्टीवरचा आकडा घाटावर तसाच उचलू नये, हे मला कुठल्याही विक्रेत्यानं सांगितलं नाही.

पिच एक इंचानं कमी केला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. त्या हिशेबानं ९ ७/८ × १०½ घेतला. भरल्या बोटीला आता ५१०० च्या आसपास मिळतात, मोकळीला ५५००. भरलेली बोट पाण्यावर उठते, त्यामुळं माल असताना वेग वाढला. मोकळ्या बोटीचा टोकाचा वेग किंचित कमी झाला, त्याचं मला काही वाटत नाही. पेट्रोलचा फरक महिन्याच्या हिशेबात स्पष्ट दिसतो, आणि माझ्यासाठी तेवढं पुरे. पंखा बदलण्याआधी एवढं मात्र बघा की इंजिनाची पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या पातळीत आहे. इंजिन वर टांगलेलं असेल तर पंखा हवा ओढतो आणि मीटरचा आकडा फसवतो.

स्टेनलेस घ्या असं सांगणारे भेटले. किंमत तिप्पट-चौपट. आमच्या पाण्यात दगड, बुंधे, पाइप. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं, आर्गॉन वेल्डिंगनं सरळ होतं. स्टेनलेस वाकत नाही, मग धक्का आत जातो. २५ एचपीला मी घेणार नाही.

चार पात्यांबद्दल मात्र मत बदललं. आधी तो मला फुकटचा खर्च वाटायचा. यंदा आषाढात पश्चिमेचा वारा सुटला होता, पाण्यावर उभ्या लाटा होत्या, तेव्हा शेजारच्या बोटीचा चार पात्यांचा, नऊ पिचचा पंखा लावून बघितला. वळताना पकड सुटत नाही, रिव्हर्सला बोट लगेच थांबते, आणि घरांच्या भिंतींमधून माणसं काढताना हेच लागतं. टोकाचा वेग कमी पडतो. हिडकलला साडेदहाचा तीन पात्यांचाच ठेवेन, पण पुराच्या कामासाठी चार पात्यांचा दुसरा घ्यायचा ठरवलाय. अर्थात हब-किटवालाच.

एक राहिलं. तंगूसचा (मासेमारीच्या नायलॉनचा) धागा पंखा आणि गिअरबॉक्स यांच्या मधे, थ्रस्ट वॉशरच्या (पंख्याचा रेटा घेणाऱ्या चकतीच्या) आत गुंडाळला जातो, बाहेरून अजिबात दिसत नाही आणि हळूहळू ऑइल सील कापतो. जाळ्यांच्या पाण्यात चालवत असाल तर महिन्यातून एकदा पंखा काढा, धागा कापा, स्प्लाइनला मरीन ग्रीस लावा, कॉटर पिन नवीन घाला. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर आत पाणी गेलंय, बोट बाहेर काढून आधी सील बदला.