वही, पाकिटं की टक्केवारी: घरखर्चाची कुठली पद्धत तुमच्या घरात टिकेल?

महिन्याची सत्तावीस तारीख. रात्री साडेनऊला आमच्या पाचजणींच्या गटात एका मैत्रिणीनं फोटो टाकला. रिकामं पाकीट, वर पेन्सिलनं लिहिलेलं ‘मुलांचं’, खाली तीन आकडे आणि तिन्ही गिचमीड खोडलेले. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात, ‘औषधांतून घेतले, एक तारखेला परत टाकायचे’. फोटोखाली प्रश्न होता: “पाकिटं सोडून तुझ्यासारखी वही सुरू करू का गं?”

आम्ही पाचजणी एकमेकींना प्रत्यक्ष भेटलेल्या नाही. ओळख फोनवरच झाली आणि घरखर्चाच्या बोलण्यातूनच वाढली. मग त्यात मुलांच्या परीक्षा आल्या, सासऱ्यांचं आजारपण आलं, कुणाची नोकरी गेली तेही आलं. त्या रात्री मी तिला लगेच “कर सुरू” म्हणाले नाही. माझी वही माझ्या घरात चालते याचा अर्थ ती तिच्याही घरात चालेल असा नाही. तिला मग सविस्तर लिहून पाठवलं. त्यातलंच इथे मांडते आहे, कारण याच विचारात असलेली घरं पुष्कळ आहेत.

पद्धत निवडताना बहुतेक जण विचारतात, “पैसे किती वाचतील?” मी आधी वेगळं विचारते. तुमच्या घरात पैशावरून शब्दाला शब्द कधी लागतो? महिनाअखेरीला, “गेले कुठे सगळे?” म्हणून? दुकानातून पिशवी घरात आली की? की हप्ते जाऊन उरलेली रक्कम बघून एक तारखेलाच दोघं गप्प होता? या तिन्ही दुखण्यांवरचा इलाज वेगळा आहे.

तिन्ही पद्धती थोडक्यात

वही म्हणजे रोजच्या खर्चाची रोज नोंद. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरगुती जमाखर्चाची छापील वही काढली. तिला तिकडे ‘काकेइबो’ म्हणतात आणि ती आजही वापरात आहे. तिच्यात नुसती नोंद नसते. महिना सुरू होताना हातात किती आहे, बाजूला किती ठेवायचं आणि उरलेलं कशाकशाला, हे आधी ठरतं.

पाकिटं म्हणजे महिन्याच्या सुरुवातीलाच पैसे वाटून टाकायचे. किराणा, प्रवास, औषधं, मुलं, प्रत्येकाचं पाकीट वेगळं. पाकीट संपलं की तो खर्च संपला.

टक्केवारीत नोंदही नाही आणि पाकीटही नाही. हातात येणाऱ्या पैशाचे ५० भाग गरजांना, ३० हौशीला आणि २० बचतीला व कर्ज लवकर फेडायला. ही वाटणी एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांनी २००५ मध्ये मांडली. वॉरन तेव्हा हार्वर्डमध्ये दिवाळखोरीचा कायदा शिकवत. बुडालेल्या घरांचा त्यांचा अभ्यास होता, आणि गरजांवर ५० ची मर्यादा का, हे त्यामुळे कळतं. गरजा अर्ध्यात भागत असतील तर कमाईला धक्का बसला तरी घर उभं राहायला वेळ मिळतो.

गळती कुठे आहे?

तिन्हींत खरा फरक इथे पडतो.

“काहीच घेतलं नाही, तरी पैसे संपले” असं होत असेल तर वही. बारीकसारीक खर्च डोळ्यांना दिसतच नाहीत. ते कागदावर उतरावे लागतात. अट एकच, नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. चार दिवसांचं एकदम लिहायला बसलं की मोठे खर्च आठवतात आणि लहान विसरतात, आणि वही ज्यांच्यासाठी धरली ते नेमके निसटतात. मी जेवण झाल्यावर ओटा पुसला की लिहिते, पाच मिनिटं. एखादी रक्कम आठवलीच नाही तर ‘आठवत नाही’ असं लिहून तेवढे पैसे मांडते. पहिल्या महिन्यात ‘आठवत नाही’ची बेरीज प्रवासखर्चाहून मोठी निघाली. तिसऱ्या महिन्यात ती एका ओळीवर आली.

फोनवरची अ‍ॅप्स ही नोंद आपोआप करतात. मला ती बेरजेपुरती बरी वाटतात. हातानं लिहिताना जो क्षणभर थांबून विचार होतो, तो तिथे होत नाही.

कुठे जातात ते पक्कं माहीत आहे, पण हात आवरत नाही, अशा घराला पाकिटं. नोटा हातातून जाताना दिसतात, कार्डावर तसं काही दिसत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायची होती. काहींना रोख द्यायला सांगितलं, काहींना क्रेडिट कार्डानं. कार्डवाल्यांची बोली जवळजवळ दुपटीपर्यंत गेली. तिकीट तेच होतं. सगळे व्यवहार फोनवरून करणाऱ्या घरानं निदान किराणा आणि बाहेरचं खाणं-फिरणं एवढ्यासाठी वेगळं खातं ठेवावं, महिन्याच्या सुरुवातीला त्यात ठरलेली रक्कम टाकावी आणि बाकीच्या खात्याला हात लावू नये.

आणि एक तारखेलाच ओढाताण असेल तर? तर वही आणि पाकीट दोन्ही अपुरे पडतात, हे मला ठामपणे सांगायचं आहे. घरभाडं आणि हप्ते मिळून शंभरातले ६५ जात असतील, तर उरलेल्या ३५ मध्ये कितीही काटकसर केली तरी घर मोकळं होत नाही, उलट माणसं थकतात. आमच्यातल्या एकीनं दोन वर्षं काटेकोर वही लिहिली. रोज स्वतःला दोष देत होती, आपला हातच सैल आहे म्हणून. तिला शंभर भागांत मांडून बघायला सांगितलं तेव्हा पहिल्याच ओळीत कारण सापडलं: गरजांचा वाटा ७१. हातात काहीच सैल नव्हतं. तिला घर बदलायचं होतं आणि एक कर्ज लवकर मिटवायचं होतं. टक्केवारीत बारीक काही दिसत नाही, पण भिंतीतली मोठी चीर ती पाच मिनिटांत दाखवते.

क्रेडिट कार्डावरची थकबाकी असेल तर मात्र कुठल्याही पद्धतीआधी तिच्याकडे बघा. महिना ३ टक्के व्याज लहान वाटतं, पण फेड केलीच नाही तर २४ महिन्यांत रक्कम दुप्पट होते.

घरातल्या माणसांना काय झेपेल?

वही एकाच माणसाच्या हातात असते. तिची ताकद त्यात आहे आणि धोकाही. लिहिणारीला सगळं माहीत, बाकीच्यांना काहीच नाही, आणि “हे कशाला घेतलंस?” असं विचारायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. वही ठेवायची तर ती सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा, आणि प्रत्येकाला थोडे पैसे असे द्या की ज्यांचा हिशेब कुणी विचारणार नाही. ही दुसरी गोष्ट मला खर्च लिहिण्याइतकीच महत्त्वाची वाटते. मोठ्या माणसाला प्रत्येक पैशाचा जाब द्यावा लागला की तो खर्च लपवायला लागतो.

पाकिटं सगळ्यांना कळतात, अगदी सात-आठ वर्षांच्या मुलालाही. ‘संपलं’ हे पाकीट सांगतं, आई सांगत नाही. त्यामुळे चिडचिड कमी होते. पण त्यांना शिस्त लागते, आणि एका पाकिटातून दुसऱ्यात उसनवारी सुरू झाली की सगळा डोलारा हलतो.

टक्केवारी दोघं कमावत असतील आणि दोघांनाही रोजच्या हिशेबाचा कंटाळा असेल तिथे छान चालते. कमाई कमी-जास्त असेल तर दोघांनी सारखी रक्कम घालण्यापेक्षा सारखा वाटा घालावा, असं माझं मत आहे. बचतीचे २० भाग पगार जमा होताच वेगळे काढा, उरतील तेव्हा म्हणून थांबू नका. आज २० जमत नसतील तर ५ पासून सुरू करा आणि पगार वाढेल तेव्हा वाटाही वाढवायचा, हे आजच ठरवून टाका. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना हेच आधी कबूल करायला लावलं. ज्यांनी ते मान्य केलं त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हातात येणारे पैसे त्यामुळे कमी होत नव्हते, कारण वाटा वाढत होता तो पगारवाढीतून.

कमाईचा नेम नसेल, एक महिना भरपूर आणि पुढचे दोन कोरडे, तर टक्केवारी फसवते. चांगल्या महिन्यात ३० भाग हौस म्हणजे फार मोठी रक्कम होते. अशा घरानं वर्षातला सर्वांत कमी कमाईचा महिना धरून पाकिटं करावीत आणि वरचं सगळं कोरड्या महिन्यांसाठी ठेवावं.

मैत्रिणींची सोबत कुठे कामी येते?

एकटीनं हिशेब ठेवणं आणि चौघींच्या सोबतीनं ठेवणं, यात मी दुसरं निवडेन. कल्पना जुनीच आहे. हानी मोतोको यांच्या मासिकाच्या वाचक स्त्रियांनी १९३० मध्ये ‘तोमो नो काई’ नावाची देशभरची संघटना उभी केली. नावाचा अर्थच मित्रमंडळ, आणि घरचा जमाखर्च एकत्र शिकणं हा तिच्या कामाचा भाग. शंभरेक वर्षांपूर्वी ज्या बैठका घराघरांत होत, त्या आता फोनवर होतात, एवढंच.

वहीला सोबतीची गरज सर्वांत जास्त, कारण ती सर्वांत लवकर सुटते. आमच्याकडे दर रविवारी रात्री प्रत्येकीनं एकच शब्द टाकायचा: ‘लिहिलं’ किंवा ‘राहिलं’. ‘राहिलं’ आलं की कुणी कारण विचारत नाही, फक्त “उद्या माझ्याबरोबर लिही” म्हणतात. पाकिटांसाठी मैत्रीण उपयोगी पडते ती काही घेण्याच्या आधी, दुकानात उभं राहून “घेऊ का?” विचारता येतं, आणि दहा मिनिटं थांबलं की निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच मिळतं. टक्केवारीला रोजची सोबत लागत नाही. तिला वर्षातून दोनदा कुणीतरी खरं बोलणारं लागतं.

आम्ही एकमेकींना रकमा सांगत नाही, शंभरातले वाटे सांगतो. आमच्यात एकीची कमाई दुसरीच्या तिप्पट आहे. रकमा बोललो असतो तर एक संकोचली असती आणि दुसरी खट्टू झाली असती. वाट्यांत बोललं की दोघी बरोबरीनं बसतात. बँकेच्या व्यवहारांचे फोटो टाकायचे नाहीत, खाते क्रमांक तर अजिबात नाही. उसने पैसे गटात मागायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत.

आणखी एक नियम आम्ही चूक झाल्यावर शिकलो. एकीनं नवऱ्याच्या कर्जाबद्दल गटात लिहिलं, मन मोकळं करायला. ते त्याच्या नजरेस पडलं. तो ओरडला नाही, पण “मला आधी विचारायचंस” एवढं म्हणून दोन दिवस गप्प राहिला. तेव्हापासून घरातल्या दुसऱ्या माणसाचा आकडा त्याला विचारल्याशिवाय इथे येत नाही. आपली भीती, आपला थकवा, आपली चूक मात्र हवी तेवढी सांगावी. माझं काम सुटलं होतं तेव्हा एका मैत्रिणीनं सलग तीन आठवडे रोज दुपारी विचारलं, “जेवलीस का?” त्या महिन्यातली माझी वही पूर्ण आहे ती तिच्यामुळे.

तर मग त्या पाकिटाचं काय?

मी तिला विचारलं, खोडलेले तीन आकडे कशाचे होते? बूट, परीक्षेची फी, सहलीचे पैसे. तिन्ही खर्च दरमहा येणारे नव्हते. वर्षातून एकदा येणारा खर्च महिन्याच्या पाकिटातून गेला की पाकीट फाटणारच. वही लिहूनही हेच झालं असतं, फक्त ते अधिक स्वच्छ अक्षरात कळलं असतं. मी तिला म्हटलं, पद्धत बदलू नकोस, एक पाकीट वाढव. फी, विमा, सहल, दुरुस्त्या, कपडे, वर्षाकाठच्या अशा सगळ्या खर्चांची बेरीज कर, १२ नं भाग आणि तेवढे दर महिन्याला ‘वर्षाचं’ म्हणून वेगळे टाक.

आणखी एक गोष्ट दिसली. किराण्याची पाकिटं ती आठवड्यांवर करत होती, महिन्याला चार. बारा महिने म्हणजे ४८ पाकिटं, आणि वर्षाचे आठवडे ५२. चार आठवडे तिच्या हिशेबात नव्हतेच, आणि ते दर महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत तिला गाठत होते. म्हणून पाचवं, छोटं पाकीट.

तिचा नवरा कधी वही उघडून बघणार नाही, पण कपाटातली पाकिटं तो येता-जाता चाचपतो, हेही तिच्याच बोलण्यात आलं होतं. तेवढ्यावरूनच मी वहीला नाही म्हटलं असतं.

चार महिन्यांनी तिचा परत फोटो आला. जाड खाकी पाकीट, वर ‘वर्षाचं’. पाठीवर तारखा आणि टाकलेल्या रकमा ओळीनं, एकही खोडलेली नाही, आणि शेवटच्या दोन ओळींचं अक्षर तिच्या नवऱ्याचं.