टॅग लावून वाचक मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, माझं पेज गेलंय

फेसबुकवर, इन्स्टावर मराठीत कथा-कविता लिहिणाऱ्या आपल्या भागातल्या सगळ्यांनी हे वाचा, आणि ज्यांना एवढं लांब वाचायचा कंटाळा आहे त्यांना फोन करून सांगा, कारण परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या लिहिणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप धुंडाळून हे लोक एकेकाला गाठायलेत. "तुमच्या लेखनाला योग्य हॅशटॅग लावून हजारो वाचकांपर्यंत पोचवतो" अशी सुरुवात असते. हॅशटॅग म्हणजे पुढं # लावलेला शब्द, तो दाबला की तोच टॅग लावलेल्या पोस्ट दिसतात. माझे पैसे गेले, कथांचं पेज गेलं, आणि आमच्या ग्रुपातल्या एका ताईंचं तर अख्खं अकाउंटच गेलंय.

मला मेसेज आला तो पोळ्याच्या आसपास. बैल विकावा लागलेल्या एका म्हाताऱ्याची कथा पेजवर टाकली होती, आपल्या गंगाखेडकडच्या भाषेतली. त्या माणसानं कथेतलं एक वाक्य जसंच्या तसं उचलून पाठवलं आणि खाली लिहिलं, "सर, हे पुण्या-मुंबईत वाचलं गेलं पाहिजे, तुम्ही टॅगच लावत नाही म्हणून अडकलंय." लिहिणाऱ्याला कुणी त्याचंच वाक्य दाखवून बोलायलं की उत्तर द्यावंच वाटतं, आणि तेवढंच त्यांना लागतं. फोनवर बोलणं एकदम गोड, दर वाक्याला सर, मागं दुसऱ्या लोकांचे फोन चालू असल्याचा आवाज, म्हणजे ऑफिस आहे असं वाटावं.

आपली अडचण खरी आहे हे त्यांना पक्कं माहितीय. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणलं तर तिथं गाईडं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पदरच्या पैशानं छापलेले संग्रह घरात खोक्यात पडून, आणि प्रकाशक, वितरक सगळे तिकडं लांब. वाचक नाहीत असं मात्र अजिबात नाही, २०२२ ला उदगीरला ९५वं साहित्य संमेलन झालं तेव्हा एप्रिलच्या उन्हात आपल्याकडची माणसं कुठून कुठून आली होती. वाचक आहेत पण त्यांच्यापर्यंत जायचं कसं, हाच प्रश्न आपण सगळे एकमेकांना विचारतो आणि ह्या लोकांनी बरोबर तिथंच बोट ठेवलंय.

पहिलं पॅकेज १,९९९ रुपयांचं. त्यात 'सीक्रेट टॅग लिस्ट' म्हणून एक पीडीएफ आली आणि पेजवरच्या कथांखाली त्यांचा माणूस ते टॅग टाकणार होता. ती लिस्ट नीट बघा असं मी आता सगळ्यांना सांगतो, कारण त्यांना यातलं काही येत नाही हे तिथंच दिसतं. पहिलाच टॅग '#मराठी कथा', मधी मोकळी जागा सोडून. टॅगमध्ये स्पेस पडली की टॅग तिथंच तुटतो, पोस्टमध्ये फक्त 'मराठी' निळं झालं आणि 'कथा' हा शब्द काळाच राहिला. खाली क्रिकेटचे टॅग, हिरो-हिरोईनींचे टॅग, शेअर बाजाराचे टॅग. बैलाच्या कथेखाली क्रिकेटचा टॅग! मॅच बघायला आलेला माणूस म्हाताऱ्याची कथा कशाला वाचत बसंल?

शिवाय सांगितलं काय, तर "सर, या टॅगला फॉलो करणाऱ्या हजारो लोकांना तुमची कथा आपोआप दिसेल." इन्स्टाग्रामनं हॅशटॅग फॉलो करायची सोय डिसेंबर २०२४ मध्येच काढून टाकलीय. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी स्वतः कित्येकदा बोललेत की हॅशटॅगनं रीच, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते ते, फारसं वाढत नाही, पोस्ट कशाबद्दल आहे ते कळायला त्याचा उपयोग. मोंढ्यात पोत्यावर आत कोणता माल आहे ते लिहितात तेवढंच त्याचं काम. आणि टॅग कुणाच्या मालकीचा नसतो. ख्रिस मेसिना नावाच्या माणसानं २००७ मध्ये ट्विटरवर ही # लावायची कल्पना मांडली, फेसबुकवर २०१३ ला आली, तेव्हापासून ती सगळ्यांना फुकट आहे. जे फुकट आहे त्याचं पॅकेज करून विकायलेत.

मग लाईक यायला लागले, धडाधडा. फोटो नसलेले, नाव धड वाचता न येणारे अकाउंट. ज्या कथेत बैल विकून म्हातारा मोकळा कासरा हातात घेऊन परत येतो त्या कथेखाली कमेंट, "नाईस पिक डिअर". ते वाचून लई वाईट वाटलं. इनसाइट्समध्ये, म्हणजे वाचक कुठले आहेत ते पेजवर दिसतं तिथं, जाऊन बघितलं तर आधी वाचकांच्या गावांत परभणी, नांदेड, लातूर दिसायचं, तिथं आता बाहेरच्या देशातली शहरं. आणि आपले नेहमीचे वाचक, जे प्रत्येक कथेवर दोन ओळी लिहायचे, त्यांचे फोन यायले की दादा तुम्ही लिहायचं बंद केलं का, दिसतच नाही काही.

याच्यापेक्षा वाईट म्हणजे माझ्या नावानं त्यांनी माणसांना टॅग करायला, म्हणजे पोस्टला त्यांची नावं जोडायला, सुरुवात केली. ज्येष्ठ लेखक, दिवाळी अंकाचे संपादक, प्राध्यापक मंडळी, दिसंल त्याला, न विचारता. एका ज्येष्ठांनी स्वतःचं नाव काढून घेतलं आणि मला ब्लॉक केलं, ज्यांच्याकडून दोन शब्द मिळावेत म्हणून मी लिहीत आलो तेच. पैसे गेल्याचं दुःख कमी होतं पण हे होत नाही. तुम्हीसुद्धा फेसबुकच्या सेटिंगमध्ये, आपल्याला टॅग केलेल्या पोस्ट प्रोफाइलवर यायच्या आधी तपासायची सोय असते, ती चालू करून ठेवा, म्हणजे कुणी टॅग केलं तरी तुम्ही हो म्हणल्याशिवाय ते तुमच्या प्रोफाइलवर येत नाही.

नंतर 'बूस्टचा खर्च', म्हणजे पैसे भरून पोस्टची जाहिरात करायचा खर्च, म्हणून ४,५०० घेतले, फोनपेवर, कुण्या तिसऱ्याच माणसाच्या नावानं, पावती नाही. जाहिरात चालू आहे सर, चालू आहे सर. मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीची, ॲड लायब्ररी म्हणून एक जागा आहे, कुणालाही उघडता येते, तिथं पेजचं नाव टाकलं की त्या पेजच्या चालू जाहिराती दिसतात. माझ्या पेजच्या नावावर एकसुद्धा नव्हती. हे मी त्यांना स्क्रीनशॉट काढून पाठवलं आणि त्याच रात्री पेज गेलं. टॅग टाकायला म्हणून त्यांच्या माणसाला पेजचा फुल कंट्रोल, म्हणजे पूर्ण ताबा, दिलेला होता, त्यानं मलाच काढलं, पेजचं नाव बदललं, आणि आता तिथं पैसे लावून खेळायच्या गेमच्या जाहिराती चालू आहेत. पेज पायजे असंल तर १५,००० टाका असा निरोप आला. मी दिले नाहीत, देणारही नाही, कारण पैसे देऊन पेज परत मिळालंय असा एकही माणूस मला अजून भेटला नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाईनला फोन केला आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. तिथले कर्मचारी म्हणाले की पैसे गेल्या गेल्या फोन करा, पुढच्या खात्यात सरकायच्या आधी अडवायची शक्यता तेव्हाच जास्त असते. चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर), स्क्रीनशॉट, ज्या नंबरवर पैसे गेले तो नंबर, सगळं जपून ठेवा. पेजला कुणाची मदत घ्यायचीच असंल तर फुल कंट्रोल देऊ नका, तिथं टास्क ॲक्सेस असतो, त्यात पोस्ट टाकता येते पण मालकाला बाहेर काढता येत नाही. आणि जाहिरात करायचीच असंल तर स्वतःच्या ॲड अकाउंटवरून करा, मेटाकडं झालेल्या प्रत्येक खर्चाची पावती तिथं दिसते.

टॅगच लावू नका असं मी म्हणत नाही. कथा ज्याबद्दल आहे तेच तीन-चार टॅग, मधी स्पेस न सोडता, #मराठीकथा, #मराठवाडा, #बैलपोळा, असे लावा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा, त्या दिवशी लोक खरंच शोधत असतात. मला नांदेडच्या एक वाचक अशाच #परभणी टॅगवरून सापडल्या होत्या, त्यांनी नंतर संग्रहाच्या प्रती मागवून गावातल्या वाचनालयाला दिल्या.

आता ताईंचं. त्यांना ब्लू टिकसाठी, म्हणजे खरं अकाउंट असल्याची नावापुढची निळी खूण मिळवून देतो म्हणून, सहा आकडी कोड मागितला होता. ब्लू टिक पायजे असंल तर मेटा व्हेरिफाइडमध्ये आपणच पैसे भरून घ्यायची असते, मधी कुणी एजंट नसतो आणि कोड कुणाला सांगायचा नसतो. कोड सांगितल्यावर पासवर्ड बदलला, वर्षानुवर्षांच्या कविता त्यातच अडकल्या. त्या अकाउंटवरून आता "दवाखान्यात आहे, तातडीनं पाच हजार पाठवा" असे मेसेज ओळखीच्यांना यायलेत. ताई घरी ठणठणीत आहेत. मेसेज आला तर एक रुपया पाठवू नका, आधी त्यांना फोन लावा, आणि ते अकाउंट रिपोर्ट करा.