विश्रामबागच्या वकील मॅडम : कारखान्याचं काम घेऊन गेलो, ताईचं पण तिथंच झालं

सांगलीत वकील शोधणाऱ्यांसाठी लिहितोय, लांबलंय पण वाचा. आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, दादा आणि मी बघतो, १४ माणसं आहेत. मॅडमचं नाव इथं टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलंय.

पहिल्यांदा गेलो ते बाउन्स चेकसाठी. एका पार्टीकडं चार लाख अडकलेले, चेक परत आलेला आणि आम्ही आपले फोन करत बसलेलो, आज देतो उद्या देतो. मॅडमनी बँकेचा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, हातात घेतला आणि आधी तारीख बघितली. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आमचे २२ दिवस तसेच गेलेले! त्याच संध्याकाळी नोटीस तयार करून दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवली. सोबत एक वेगळं पत्र, त्यात आमचा उद्यम नंबर (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) टाकून लिहिलं की लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि १ एप्रिल २०२४ पासून असं थकवलेलं बिल त्या वर्षी इन्कम टॅक्सला खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येतं. नोटीस मिळाल्यावर पार्टीला १५ दिवस असतात, अकराव्या दिवशी पैसे आले. मला वाटतं पत्र त्यांच्या सीएनं वाचलं म्हणून आले. हे ४५ दिवसांचं मायक्रो आणि स्मॉल, म्हणजे छोट्या उद्योगवाल्यांना आहे हां, नुसतं ट्रेडिंग करत असाल तर लागू होत नाही, हे पण मॅडमनीच सांगितलं.

नंतर २१ नोव्हेंबर २०२५ ला चार लेबर कोड, म्हणजे कामगारांचे नवीन कायदे, लागू झाले. जुने २९ कायदे जाऊन चार, आणि व्हॉट्सअॅपवर नुसता गोंधळ. आमच्या पोरांना वाटलं आता एक वर्षात सगळ्यांना ग्रॅच्युइटी. मॅडमनी दोन पानांवर मराठीत लिहून दिलं, एक वर्षाचं ते ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना, कायम माणसाला आधीसारखीच पाच वर्षं. पण भत्ते पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग मूळ वेतनात धरायचा. आमचा सुपरवायझर ४० हजारावर आहे, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून आम्ही १५ हजार दाखवत होतो, आता २० हजार धरायला लागणार, म्हणजे ग्रॅच्युइटी वर्षाला ८,६५४ होत होती ती ११,५३८. दादाचा चेहरा पडला, म्हणाला पाच-सहा जणांना ठेकेदाराच्या नावावर टाकूया का. मॅडम सरळ नाही म्हणाल्या, ही माणसं तुमच्याच मशीनवर, तुमच्याच सांगण्यावरून काम करतात, नुसता कागद बदलून काय होणार. मग सगळ्यांना नेमणूकपत्रं दिली. १० किंवा जास्त माणसं असली की महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते हे २०१३ पासून आहे आणि नसेल तर ५० हजारापर्यंत दंड, हे आम्हाला माहीतच नव्हतं, ते पण करून घेतलं.

आता ताईचं. खरं तर यासाठीच लिहायला बसलो.

ताई दोन वर्षं माहेरी होती, सहा वर्षांची पोरगी घेऊन. दादाचं डोकं गरम, म्हणे सासरच्या सगळ्यांवर केस टाका. मॅडमनी दादाला आणि मला बाहेर बसवलं आणि तासभर एकट्या ताईशी बोलल्या. आत काय बोलणं झालं माहीत नाही पण ताई बाहेर आली तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतः सांगितलं तिला काय पाहिजे. पोरगी, पोरीचा खर्च, आणि भांडण नको.

आणि फीचं विचारलं तर मॅडमच म्हणाल्या की बाईमाणसाला उत्पन्नाची अट नसते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, १५१०० ला फोन करा, तिकडं जायचं असेल तर मी अर्ज भरून देते. स्वतःची फी सोडून असं सांगणारं दुसरं कोण भेटलं नाही आम्हाला. ताईनं यांच्याकडंच राहायचं ठरवलं.

दाजी म्हणत होते दुकान तोट्यात आहे, काही देणार नाही. पोटगीच्या अर्जात दोघांनाही मिळकत आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायला लागतं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२० मध्ये तसं ठरवून दिलंय, आणि पोटगी अर्ज केला त्या तारखेपासून धरतात. बँक स्टेटमेंट, रिटर्न सगळं लावायचं. दुकान काय तोट्यात नव्हतं. पण ताईची पण ट्यूशनची एफडी होती, दादा म्हणाला ती कशाला दाखवायची, मॅडमनी पहिल्या पानावर लिहिली.

दादानं दाजींचे फोन रेकॉर्ड केलेले. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून चालतं असं सांगितलंय, दादानं तेच पुढं केलं. मॅडम म्हणाल्या, चालतं हो, पण उद्या ही पोरगी मोठी होऊन केसचे कागद वाचेल. पेन ड्राइव्ह तसाच परत दिला. मला त्या दिवशी मॅडमबद्दल जे वाटलं ते इथं लिहिता येत नाही.

तिकडून धमकी आलेली, हायकोर्टात जातो, मुंबईच्या चकरा मारायला लावतो. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचंच सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली साताऱ्याची कामं आता तिकडंच, पन्नासेक किलोमीटर. हे ऐकल्यावर आईला रात्री झोप लागली.

शेवटी मध्यस्थीत जुळलं आणि संमतीनं घटस्फोटाचा अर्ज झाला. सहा महिने थांबायची अट असते पण २०१७ च्या निकालानंतर कोर्ट ती माफ करू शकतं, दोघं दीड वर्षाच्या वर वेगळे असतील आणि मुलाबाळांचं, पैशाचं सगळं मिटलं असेल तर. आमचं माफ झालं. प्रत्येकाचं होईलच असं नाही, कोर्टाच्या हातात आहे. पोरगी ताईकडं, एक आड एक रविवार दाजींकडं जाते, येताना त्यांच्या दुकानातली चॉकलेटं घेऊन येते.

तक्रार आहेच. दिवसा फोन उचलत नाहीत, विजयनगरला कोर्टातच असतात, मेसेज टाकला तर रात्री उत्तर. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, आईला चढताना त्रास झाला. एकदा वेळ देऊन दीड तास बसवलं, पाणी विचारायला पण कोण नव्हतं. पहिल्या भेटीचे ५०० घेतात, पावती देतात.

सहाच्या पुढं जावा आणि कागद तारखेप्रमाणं लावून न्या, चेकचं काम असेल तर बँकेचा मेमो सगळ्यात वर ठेवा. आणि घरातली बाई केससाठी येणार असेल तर तिच्या वतीनं तुम्ही बोलायला लागू नका, बाहेर बसवतात.