लेकातली झाडं झकास, पाणी दाखवणारी काडी बंडल

मातीऐवजी लेकात, म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत, झाडं लावायला कंपनीची ‘सेल्फ वॉटरिंग’ कुंडी घेतली. तिच्या टाकीत पाणी किती ते दाखवणारी लाल काडी ‘मध्यम’वर जी बसली, ती हललीच नाही. खाली टाकीत थेंब नाही, पीस लिलीने मान टाकलेली, आणि काडी म्हणतेय सगळं आलबेल. कस्टमर केअरने आधी काडीचा फोटो मागितला. पाठवला. मग काडी वर-खाली होतानाचा व्हिडिओ मागितला. अहो, ती होत नाही म्हणूनच तर तक्रार आहे! बऱ्याच मेलामेलीनंतर उत्तर आलं की इंडिकेटर वॉरंटीत बसत नाही. साडेपाचशेच्या कुंडीत इंडिकेटर सोडला तर वॉरंटीत बसण्यासारखं आहे तरी काय? एकात एक बसणारे दोन प्लास्टिकचे डबे!

लेका म्हणजे भट्टीत साधारण 1200 अंशांवर फुगवलेले मातीचे गोळे. खाली पाणी, वर गोळे, गोळे पाणी वर ओढतात. मी यात पडले ते हौसेने नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. आमच्या इंदिरानगरच्या गॅलरीतून कुंडीचं लाल पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर ठिबकायचं. आता भांडण नाही, माती नाही, कोकोपीटमधली, म्हणजे नारळाच्या भुशातली, ती बारीक चिलटंही नाहीत. सासूबाई मात्र अजून म्हणतात, “खडीत कुठं झाड लावतात का गं?”

आता काडीबद्दल, कारण विकणारा हे सांगत नाही. काडीच्या टोकाला थर्माकोलचा तुकडा असतो, तो अरुंद नळीत पाण्यावर तरंगतो. मी नळी उपसून उजेडात धरली तर आत पांढरी खरखरीत कड, अगदी गिझरच्या कॉइलवर बसते तशी. आमच्याकडे पिण्यापुरतं पालिकेचं पाणी, बाकी सगळं बोअरचं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मातीच्या कुंडीला खाली भोक असतं, जास्तीचे क्षार पाण्याबरोबर वाहून जातात. इथे टाकीला वाटच नाही, सगळं आतच साठतं. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून नळी घासली, फेस आला, काडी मोकळी झाली. दोन आठवड्यांत पुन्हा अडकली. म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरने कधी बोअरचं पाणी पाहिलेलंच नाही.

पावसाळ्यात आणखी एक शोध लागला. काडी आणि नळी यांच्यात जी फट आहे, तिच्यातून डास आत जातो. एका टाकीत अळ्या वळवळताना दिसल्या तेव्हा मी सगळ्या कुंड्या न्हाणीत नेऊन उपड्या केल्या. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं फ्रिजमागचा ट्रे तपासतात, मनीप्लांटच्या बाटल्या तपासतात. लेकाची कुंडी तपासायचं त्यांच्या अजून डोक्यात आलेलं नाही.

तेव्हा पद्धतच बाद करणार होते. मत बदललं ते जेडमुळे. सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं झाड, आणि पाणी हे समीकरण मला मुळीच पटत नव्हतं. नर्सरीतून आणलेला मोठा जेड माती धुऊन लावला, तो कुढत राहिला, मुळं काळी पडली. पण त्याचीच मोडलेली फांदी मी चार दिवस वाळवून ओल्या गोळ्यांत नुसती खोचून ठेवली होती. तिला अशी पांढरीशुभ्र मुळं फुटली की पारदर्शक डब्यातून मोजून घ्यावीत. मातीतली मुळं पाण्याला सरावत नाहीत, बरीचशी सडतात. गोळ्यांतच जन्मलेली मुळं मात्र मजेत राहतात. म्हणून नवीन लोकांनी अख्खं झाड हलवण्यापेक्षा फांदीपासून सुरुवात करावी. हॉवर्थिया, स्नेक प्लांट उत्तम. स्नेक प्लांटचा कंद पाण्याच्या रेषेच्या वर राहील एवढं बघा. एचिवेरिया जुलैत गेली. हवाच एवढी दमट की टाकीतलं पाणी हलतच नव्हतं. पावसाळ्यात सक्युलंटची टाकी मधले काही दिवस कोरडी ठेवायची, हे त्यानंतर कायमचं ठरलं.

खताचा खर्च आमच्याकडे जवळजवळ शून्य. दिराची निफाडकडे द्राक्षबाग आहे. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) आणि कॅल्शियम नायट्रेट त्याच्या शेडमध्ये पडलेलं असतं. “वहिनी, कुंडीला द्राक्षाचं खत?” म्हणून हसला, पण कामाचं तोच बोलला. 19:19:19 मधलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असतं, त्याला फोडायला जिवाणू लागतात, धुतलेल्या गोळ्यांत ते कमी. कॅल्शियम तर त्यात नाहीच. आणि दोन्हींचं घट्ट द्रावण एकत्र कालवलं की पांढरा साका तळाला बसतो. म्हणून आलटूनपालटून द्यायचं, तेही लिटरला चिमूटभर.

पाण्यात काटकसर करायला गेलात तर आरओचं वाया जाणारं पाणी टाकीत घालू नका. मला मोह झाला होता, पण पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला तर बोअरपेक्षा वरचा आकडा. त्याने फरशी पुसावी. एसीचं पाणी मात्र सोनं, जवळजवळ क्षार नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये टाकी सगळ्यात लवकर आटते तेव्हाच बादलीभर फुकट मिळतं. महिन्यातून एकदा तेच वरून ओतून गोळे धुते.

कंपनीच्या कुंड्या मी आता घेत नाही. भांडीबाजारातून आणलेले प्लास्टिकचे डबे, तापवलेल्या सुईने बाजूला दोन बोटं उंचीवर एक भोक, त्याच्यावर पाणी चढतच नाही. भोकाला जुन्या ओढणीची जाळी. पाणी किती आहे ते डबा उचलून कळतं. पारदर्शक डब्याला बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळा, नाहीतर आत हिरवं शेवाळ धरतं.

गोळे घेताना बारीक मागा, 4 ते 8 मिलिमीटरचे. माझी पहिली पिशवी जाड्या गोळ्यांची होती, त्यात हॉवर्थिया डुगडुगत राहते आणि वरपर्यंत ओल चढत नाही. दुकानदार “सगळे सारखेच, मॅडम” म्हणेल. पिशवी फोडून बघा, आणि धुताना ते लाल पाणी सिंकमध्ये ओतू नका, गाळ पाइपात बसतो. प्लंबर आल्या आल्या तीनशे घेतो.