डॉइचलांड तिकीट आणि बायर्न तिकीट: म्युनिकमधल्या विद्यार्थ्यांच्या भटकंतीला कुठलं परवडतं?

जर्मनीत शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींच्या ग्रुपवर दर शुक्रवारी एकच चर्चा असते, रविवारी कुठे जायचं आणि कुठल्या तिकिटावर. म्युनिकमधून फिरायचं तर दोन तिकिटं कामाची आहेत, पण दोन्हींचा उपयोग अगदी वेगळा आहे.

डॉइचलांड तिकीट म्हणजे महिन्याचा पास. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ युरो झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. ज्या विद्यापीठांनी करार केलाय तिथल्या विद्यार्थ्यांना तो ६० टक्के किमतीत मिळतो, म्हणून स्वतः विकत घेण्याआधी सेमिस्टर फीची पावती नीट वाचा. पासावर देशभरातल्या आरई आणि आरबी (प्रादेशिक गाड्या), एस-बान (उपनगरी लोकल), यू-बान (मेट्रो), ट्राम आणि शहरी बस चालतात; आयसीई, आयसी आणि फ्लिक्सट्रेन या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. पास एकाच्याच नावावर असतो, सोबतीला कुणाला नेता येत नाही. ओळखपत्र जवळ हवंच. हा पास दर महिन्याला आपोआप चालू राहतो, त्यामुळे सुट्टीत भारतात जाणार असाल तर आधीच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा. ११ तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच म्हणून समजा.

बायर्न म्हणजे बव्हेरिया, म्युनिक ज्यात आहे ते राज्य. बायर्न तिकीट एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत एकत्र. पहिल्या माणसाचे पैसे जास्त आणि पुढच्या प्रत्येकामागे थोडेच, म्हणून पाच जण झाले की माणशी खर्च खूप उतरतो. पुण्याहून कुणाचे आईबाबा आले असतील किंवा दुसऱ्या देशात शिकणारे मित्र दोन दिवसांसाठी आले असतील, तर हेच घ्यावं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं, ८:५० च्या गाडीत ते दाखवलं तर विनातिकीट धरतात. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतं आणि कुठल्याही दिवशी घेतलं तरी दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचं नाव तिकिटावर लिहावं लागतं, आणि हेच सगळ्यात जास्त लोक विसरतात.

दोन्ही तिकिटांचा मोठा तोटा वेळेचा आहे. लोकल गाडी उशिरा आली आणि पुढची गाडी चुकली, तरी आयसीईत बसता येत नाही. म्हणून एका बाजूला दोन तास आणि जास्तीत जास्त एक बदल, एवढ्याच टप्प्यातलं ठिकाण निवडावं. त्यापुढे गेलात की दिवस फलाटावरच सरतो. बर्लिनला डॉइचलांड तिकिटावर जाता येतं, पण जाऊ नये. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये फक्त लोकल गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती चालू केल्याशिवाय वेळापत्रक बघूच नका.

आणखी एक फसगत नेहमी होते. म्युनिकहून टेगर्नझे, लेंगग्रीस आणि बायरिशझेलकडे जाणारी गाडी एकच सुटते आणि वाटेत होल्त्सकिर्शन व शाफ्टलाखला तिचे तुकडे होतात. चुकीच्या डब्यात बसलं की टेगर्नझेच्या तळ्याऐवजी भलत्याच गावी उतरावं लागतं. डब्याच्या दारावरच्या पाटीवरचं गाव वाचूनच चढा.

या टप्प्यात बसणारी उत्तम सहल न्युर्नबर्गची. आरई १ गाडी इंगोलश्टाटमार्गे जाते. तिथे ‘ड्राय इम वेक्ला’ मागा: करंगळीएवढे तीन भाजलेले सॉसेज एका छोट्या पावात, वर मोहरीची चटणी. एकेक सॉसेज ७ ते ९ सेंटिमीटरचं, २०-२५ ग्रॅमचं. चावल्यावर आधी धूर आणि मागून मार्जोरम या सुगंधी पाल्याचा वास येतो. ते डुकराच्या मांसाचे असतात, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

शाकाहाऱ्यांनी चीज श्पेत्झ्ले (चीज घातलेल्या मऊ शेवया) घ्यावं, पण ‘ओने श्पेक’ म्हणजे बेकन नको, हे आधी सांगावं. बटाट्याचं सॅलड निरुपद्रवी दिसतं. बव्हेरियात ते बऱ्याचदा मांसाच्या रश्शात मुरवतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. खरी चैन बिअर गार्डनमध्ये आहे. पारंपरिक बव्हेरियन बिअर गार्डनमध्ये घरचं खाणं न्यायला मुभा असते, फक्त पेय तिथलं घ्यावं लागतं. मेजावर कापड नसलेल्या भागात बसा, पोळी-भाजीचा डबा उघडा, सोबत आपफेलशोर्ले (सोडा घातलेला सफरचंदाचा रस) घ्या. चेस्टनटच्या सावलीत पाच जणांचं जेवण इतक्या स्वस्तात दुसरीकडे होणं कठीण. ग्लासला ठेव घेतात, ती परत घ्यायला विसरू नका. प्लास्टिकच्या बाटलीवरही २५ सेंट असतात. रविवारी सुपरमार्केट बंद असतं, म्हणून शनिवारीच खरेदी करा.

नॉयश्वानश्टाइन किल्ल्यासाठी म्युनिक ते फ्युसेन सुमारे दोन तास, पुढे होहेनश्वांगाउपर्यंत बस, आणि मग अर्धा-पाऊण तास चढ. ही बस पासात बसते. किल्ल्यात प्रवेश ठरलेल्या वेळेचाच असतो आणि ती वेळ चुकली की आत सोडत नाहीत. प्रवेशाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि गाडी पोहोचल्यापासून निदान दोन तास पुढची वेळ घ्या. आत फोटो काढता येत नाहीत. बाहेरून सगळ्यात चांगला देखावा मारीनब्र्यूकं पुलावरून दिसतो.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत दोन्ही तिकिटं चालतात, पण डॉइचलांड तिकिटावर तिथल्या शहरी बसमध्ये बसता येत नाही. स्टेशनपासून जुनं गाव चालत गाठता येतं. परत येताना सीमेवर पोलीस कागद बघतात, म्हणून पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड दोन्ही खिशात हवं. फोनमधल्या फोटोच्या भरवशावर निघू नका. गार्मिशहून त्सुगश्पित्स शिखरावर चढणाऱ्या रेल्वेचं आणि क्योनिगझे तळ्यातल्या बोटीचं भाडं वेगळं भरावं लागतं, तेवढे पैसे आधीच बाजूला काढा.

फोनची बॅटरी संपली तर तिकीट नसल्यातच जमा, दंड ६० युरो. डॉइचलांड तिकीट नावावर असतं, त्यामुळे नंतर दाखवलं की तो ७ युरोवर येतो. म्हणून पाच जणांत निदान एक पॉवर बँक असू द्या.