ऑनलाइन सर्वे की समोरासमोर मीटिंग?

अमेरिकेच्या कृषी खात्याची संशोधन शाखा म्हणजे एआरएस, तिचा जनावरांच्या आरोग्याचा कार्यक्रम (नंबर 103) 5-5 वर्षांच्या सायकलमधे चालतो, मग सायकल संपत आली की प्रश्न येतोच, केलेल्या कामाचा कुणाला काय उपयोग झाला? हे विचारायचं कसं, फॉर्म पाठवून की लोकांना एकत्र बसवून?

फॉर्मचा फायदा उघड आहे. डेअरीवाले, पोल्ट्रीवाले, व्हेट, लस कंपन्या, राज्यांचे अधिकारी सगळ्यांपर्यंत एकदम पोचता येतं आणि नाव नसेल तर माणूस मोकळेपणाने मार्क देतो. पण उत्तर कोण देतं हे बघा ना, ज्याला आधीपासून इंटरेस्ट आहे तोच! आणि एखाद्या गटाने जास्त फॉर्म भरले की पुढे कोणत्या आजारांवर काम करायचं त्या यादीत त्यांचाच आजार वर जातो, म्हणून मला वाटतं आकडे नेहमी गटवार वेगळे काढावेत, सरसकट सरासरी फार फसवते.

मीटिंगमधे माणसं कमी, खर्च जास्त, आणि मोठ्या आवाजाचा माणूस भाव खाऊन जातो. तरी "का" हे तिथेच कळतं. लाळ्या खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग घ्या, अमेरिकेत 1929 नंतर आलेलाच नाही, त्यामुळे फॉर्मवर शेतकरी त्याला खाली टाकू शकतो, पण समोर बसवून विचारलं की आला तर निर्यात बंद पडेल हे तोच सांगेल.

मी असते तर आधी छोटी मीटिंग घेतली असती, त्यातून प्रश्न ठरवले असते आणि मगच फॉर्म पाठवला असता.