जुनं वायरिंग : सगळं बदलायचं की लागेल तेवढंच?

जुन्या घराचं काम काढलं की फरशी, रंग आणि ओट्यावर घरात चर्चा झडतात. वायरिंगच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं: "इतकी वर्षं चाललंय ना?" चाललंय, खरं आहे. पण ते टाकलं तेव्हा घरात चार दिवे नि दोन पंखे होते. आता त्याच तारांवर गीझर, एसी आणि मायक्रोवेव्ह चढणार आहेत.

निर्णयाआधी मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून दोन-तीन बोर्ड उघडून घ्या. वायरचं टोक हलकेच वाकवलं आणि रबराचं आवरण शिळ्या बिस्किटासारखं तुटून पडलं, तर तुलनेत वेळ घालवू नका. सगळं नवं करा. आवरण पीव्हीसीचं, मऊ आणि आत तांबं असेल, तर पुढे विचार करायला जागा आहे. बोर्डातलं टोक दिसतं, भिंतीतलं दिसत नाही. म्हणून प्रत्येक सर्किट मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घ्या. 500 व्होल्टवर वाचन 1 मेगाओमपेक्षा कमी आलं तर ती लाइन ठेवायची नाही.

संपूर्ण नव्या वायरिंगचा मोठा फायदा अर्थिंगचा. जुन्या घरांत पुष्कळदा फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा असतात आणि तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेचं असतं. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी ते आतून न्यूट्रललाच जोडून ठेवलेलं असतं. पुढे कुठे न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यात थेट करंट! नवं करताना प्रत्येक पॉइंटला अर्थ मिळते आणि भारानुसार जाडी ठरवता येते: साधारणपणे दिव्यांना 1.5, सॉकेटना 2.5, गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटर. तोटे उघड आहेत. भिंती फोडायच्या, धूळ खायची, घर रिकामं करायचं, आणि खर्चही जास्त.

अर्धवट बदलात नवा डीबी (घरातली सर्किटं वाटून देणारी मुख्य पेटी) बसतो, जड उपकरणांना स्वतंत्र लाइन मिळतात आणि दिवे-पंखे जुन्या तारांवर राहतात. काम लवकर उरकतं, तोडफोड कमी. पण यातल्या खाचाखोचा कुणी आधी सांगत नाही. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वायरला वाचवते आणि तीही तिचा आकडा वायरच्या जाडीला जुळला तरच. बारीक वायरवर 32 अँपिअरची एमसीबी लावली तर वायर भिंतीत तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. माणसाला वाचवायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लगेच पडून लाइन तोडणारा स्विच) लागते. ती अर्थिंग नसतानाही काम करते. मात्र उपकरणाच्या पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीकडे वाट मिळेपर्यंत ती पडत नाही, आणि अर्थिंग नसेल तर ती वाट बहुधा हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. शिवाय जुन्या घरांत पुष्कळदा दोन सर्किटांची न्यूट्रल एकमेकांत मिसळलेली असते. मग आरसीसीबी विनाकारण पडते आणि वैतागून कुणीतरी ती बायपास करून टाकतं.

जुनी तार अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर अर्धवटचा नाद सोडलेलाच बरा. तिचे जोड कालांतराने सैल पडतात, त्यावर ऑक्साइड चढतं आणि जोड तापतो. तांब्याशी नुसता पीळ देऊन जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची तार तर हमखास कटकट.

भिंती दगडामातीच्या असतील किंवा प्लास्टर चांगलं असेल, तर नवी वायर बाहेरून केसिंग-कॅपिंगमधून (भिंतीवर बसवलेल्या झाकणाच्या पट्टीतून) न्या. दिसायला डावं, पण सुरक्षिततेत काही कमी नाही, आणि पुढची दुरुस्तीही सोपी. सौंदर्यापायी हा पर्याय उगाच नाकारला जातो, असं माझं मत.

माझा कौल असा: प्लास्टर तसंही निघणार असेल तर संपूर्ण. प्लास्टर राहणार, तांब्याच्या वायर पाइपातून गेलेल्या आणि मेगरचं वाचन उत्तम, तर अर्धवट चालेल. पण बाथरूम आणि स्वयंपाकघर अर्थिंगसकट नवंच. जुन्या तारांवर नवे चकचकीत स्विच बसवणं हा मात्र पर्यायच नव्हे.

काहीही ठरलं तरी क्रम चुकवू नका: आधी वायरिंग, मग प्लास्टर, शेवटी रंग. खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढा, म्हणजे पुढे ड्रिल मारणारा पाइप फोडणार नाही.